पाण्याबाहेर राहिलेला हात

विहिरीत उतरण्याआधी पाळकाने खिसे तपासून घ्यावेत, हा माझ्या नोकरीतला पहिला धडा. माझी दोन घड्याळं, एक चष्मा आणि मुलीने हौसेने दिलेला मोबाइल परभणी जिल्ह्यातल्या निरनिराळ्या विहिरींच्या तळाशी पडलेले आहेत. पाळक म्हणजे पांढरा झगा घालून मेणबत्त्यांमध्ये उभा राहणारा माणूस, असं चित्र सिनेमाने लोकांच्या डोक्यात बसवून दिलंय. आमची मंडळी, म्हणजे आमच्या चर्चची माणसं, तशी साधी. सोनपेठ, पिंगळी, देवगाव फाटा अशी विखुरलेली मोजकी घरं आणि पत्र्याची दोन प्रार्थनागृहं. झगा मी जन्मात घातला नाही. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरणारा माणूस, एवढीच माझी गावोगावची ओळख.

आमच्यात बाप्तिस्मा डोक्यावर पाणी शिंपडून होत नाही. सबंध माणूस पाण्यात बुडवून वर काढायचा. बुडाला तो जुना माणूस मेला, वर आला तो नवा जन्मला. मधे जो एक क्षण माणूस पाण्याखाली असतो तेव्हा तो कोण असतो, हे आम्हाला बायबल कॉलेजात कुणी शिकवलं नाही. मीही तीस वर्षं कुणाला विचारलं नाही.

काम दिसतं तेवढं सोपं नसतं. आमच्याकडे चर्चमध्ये हौद नाही, आणि गोदावरीला पाणी असलं तरी गाळ फार. त्यामुळे पायऱ्यांची जुनी विहीर, म्हणजे बारव, सगळ्यात बरी. छातीइतक्या पाण्याची पायरी बघून उभं राहायचं. डावा हात समोरच्याच्या मानेखाली, उजव्या हाताने त्याच्या नाकावर रुमाल. "बुडतोस तो ख्रिस्ताबरोबर मरतोस" म्हणत मागे झुकवायचं, एक मोजायचं आणि "ऊठ, त्याच्याबरोबर जिवंत हो" म्हणत उचलायचं. पाण्यात माणूस हलका होतो. शंभर किलोचा किराणा दुकानदार मी लेकरासारखा उचललाय. घाबरून माझी मान धरणारे, तोंड उघडं ठेवून अर्धी विहीर पिणारे, डोळे मिटायला तयारच नसलेले, सगळे प्रकार पाहिले. एकही माणूस खाली राहिला नाही, असं मी अभिमानाने सांगत असे.

आमच्या मंडळीत दानियलराव म्हणून एसटीचे निवृत्त कंडक्टर होते. त्यांना मी बाप्तिस्मा दिला, तर दोन वर्षांनी पुन्हा हजर.

"पास्टर, मधी जरा दारू झाली. अजून एकदा बुडवा."

"दानियलराव, हा एकदाच असतो."

"आसं कसं? परभणी ते गंगाखेड तिकीट काढलं आन् गडी फुडं निगाला, तर फुडच्या टप्प्याचं तिकीट फाडावंच लागतंय."

"इथं एकच तिकीट. शेवटच्या स्टॉपपर्यंत."

"मंग मधी तपासणीला कुणी येतच न्हाई म्हणा की," असं म्हणून ते माझ्याकडे दयेने बघायचे. जन्मभर विनातिकीट लोक पकडलेल्या माणसाला हा कारभार ढिला वाटणारच.

वाद त्यांचा एकट्याचा नाही, फार जुना आहे. एक बाजू म्हणते, तारण म्हणजे पापातून सुटका, आणि ती झालेली आहे. वधस्तंभावर ते काम पुरं झालं, माणसाने विश्वास ठेवला त्या घटकेला त्याचं नाव लिहिलं गेलं, आता ते कुणाला खोडता येत नाही. दुसरी बाजू म्हणते, तारण होत असतं. रोज थोडं, मरेपर्यंत. मधेच हात सुटला तर माणूस घसरतो. शास्त्रात दोघांनाही आधार सापडतो, म्हणून तर वाद टिकलाय. मी पहिल्या बाजूचा, आणि अगदी कट्टर. मला अर्धवट गोष्टी सहन होत नाहीत. मेथीची जुडी निवडायला घेतली तर शेवटची काडी निवडूनच उठतात, असं आमच्या सौभाग्यवती चारचौघांत सांगतात.

आता गयाबाईचं सांगतो. हे मी आजवर कुठल्या सभेत सांगितलेलं नाही.

गयाबाईची आई आमच्या मंडळीतली. गयाबाईचं लग्न सोनपेठच्या बाजूच्या एका गावात झालं. नवरा मारोती. दोघं दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जात. मारोतीच्या घरात खंडोबा, पण त्याची बायकोला आडकाठी नव्हती. "तिच्या देवाचं ती बगंल, माझ्या देवाचं मी," असा सरळ माणूस. गयाबाईने लग्नानंतर पंधरा वर्षं बाप्तिस्मा घेतला नव्हता. मग एका हंगामात त्यांच्या टोळीतली एक बाई उसाच्या ट्रॉलीखाली गेली. परत आल्यावर गयाबाई मला म्हणाली, "पास्टर, औंदा जायच्या आगुदर माजं उरकून टाका. मला अर्ध्यात मरायचं न्हाई."

दिवस ठरला. ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होता. आणि आदल्या आठवड्यात सोयाबीन कापताना तिच्या उजव्या मनगटावर विळा बसला. टाके पडले. दवाखान्यातल्या कंपाउंडरने बजावलं होतं की टाके निघेपर्यंत पाण्याचा थेंब लागता कामा नये. ती बारवेवर आली ती हाताला पांढरं फडकं बांधून.

"पुढच्या वर्षी करू," मी म्हणालो.

"फुडचं वरीस कुणी बगितलंय?" ती म्हणाली.

मला ते पटलं. तेव्हा मी जे बोललो ते मला आजही शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणालो, "हात वर धर, बाई. बाकीची बुड."

पायऱ्यांवर मंडळी गाणं म्हणत उभी होती. दानियलराव वरून ओरडले, "पास्टर, हात ऱ्हायला की!" मी म्हणालो, "प्रभू एका हातासाठी भांडत बसत नाही." सगळे हसले, गयाबाईसुद्धा. मी पहिले शब्द म्हणालो आणि तिला मागे झुकवलं. ती पूर्ण पाण्याखाली गेली आणि पाण्यावर तेवढा हात उभा राहिला.

मी एक मोजलं आणि उचललं. ती आली नाही.

गयाबाई म्हणजे अंगाने वाळलेली काडी. पण माझ्या डाव्या हातावर असं ओझं आलं की जणू खालून कुणीतरी तिला धरून बसलंय. मी वर पाहिलं. फडक्यातली तिची बोटं हळूहळू मिटत होती, वरून कुणीतरी हात पुढे केल्यावर आपण तो धरतो ना, तशी. वर तर कुणीच नव्हतं. मी दोन्ही हात घालून, पायरीला पाय रेटून ओढलं, तेव्हा ती खोकत वर आली. सगळं मिळून फार तर तीन-चार श्वासांचा वेळ गेला असेल. लोकांना वाटलं, माझा पाय घसरला. मीही तसंच सांगितलं. फडकं कोरडं ठणठणीत होतं आणि दुसऱ्या दिवशी ट्रक गेला.

हंगाम संपवून ती परत आली ती थेट माझ्या दारात. सोबत मारोती. मी "या, बसा" म्हणायच्या आत ती म्हणाली, "पास्टर, बादलीभर पाणी द्या."

अंगणात बादली आणून ठेवली. तिने दोन्ही हात कोपरापर्यंत बुडवले आणि बाहेर काढले. डाव्या हातावरून पाणी ओघळत होतं. उजव्यावरचे थेंब अळूच्या पानावरून घरंगळावेत तसे पडून गेले. मी हात लावून पाहिला. कोरडा होता, आणि गार. बाहेर कडक ऊन होतं.

"धुणं धुतानी बी आसंच. भांडी घासतानी बी आसंच," ती म्हणाली. "ह्यो हात मागं ऱ्हायलाय, पास्टर."

मी तिला परभणीला डॉक्टरांकडे नेलं. आम्ही पाळक लोक सैतान काढत फिरतो असा ज्यांचा समज आहे त्यांनी नोंद घ्यावी. डॉक्टरांनी दोन्ही पंजे कोमट पाण्यात अर्धा तास ठेवायला लावले. डाव्या बोटांना सुरकुत्या पडल्या, उजवी बोटं जशीच्या तशी गुळगुळीत. ते म्हणाले, विळ्याने नस तुटलीय, अशा कातडीला घाम येत नाही, पाण्याने सुरकुत्याही पडत नाहीत. मला इतकं हायसं वाटलं की स्टँडवर मी तिघांसाठी चहा सांगितला.

चहा पिताना मारोती खाली बघत म्हणाला, "त्येंला दुसरं सांगितलं न्हाई आमी."

"दुसरं काय?"

"ही झोपली की ह्यो हात वर जातोय. दुपारी फडात सावलीला जरा डोळा लागला तरी बी. आसा सरळ उबा. मी खाली ठिवतो, पुन्हा वर. सगळी टोळी बगायलीय. मंग मीच धरून बसतो. धरला की गुमान झोपती."

"भीती बसलीय मनात," मी म्हणालो.

गयाबाईने कप खाली ठेवला. ती कधी मोठ्याने बोलायची नाही, तेव्हाही बोलली नाही. "भीती न्हाई, पास्टर. झोप लागली की मला वर पाणी दिसतंय. हिरवं. त्येच्या वर तुमचं त्वांड दिसतंय, हलायलेलं. मी अजून तितंच हाय. तुमी मला वर काढलंच न्हाई."

परतीच्या एसटीत तिला डुलकी लागली. मी मागच्या सीटवर होतो. पिंगळी मागे पडली असेल नसेल, तिचा उजवा हात मांडीवरून उठला आणि गर्दीच्या डोक्यांवर उभा राहिला. कंडक्टरला वाटलं, तिकीट हवंय. मारोतीने सवयीने तो धरला आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

त्यानंतर दरवर्षी ट्रक निघायच्या आदल्या दिवशी ती यायची. मागणं एकच, पुन्हा बारवेत घ्या. निदान हात तरी बुडवा. आणि दरवर्षी मी नकार द्यायचो. मी तिला समजावलं, पाणी ही फक्त खूण आहे. तुझं तारण झालंय, पुरं झालंय, त्यात बोटभरही उरलेलं नाही. दानियलरावांना नाही म्हटलं तर तुला हो कसं म्हणू? तिने ते सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मंग ह्यो हात कुणाचा हाय?" मी म्हणालो, "वेडी आहेस."

बारवेचे मालक लिंगायत. गळ्यात लिंग असलेला शिवभक्त माणूस, सगळे त्यांना आप्पा म्हणत. आम्हाला पाणी वापरायला त्यांनी कधी ना म्हटली नाही. एकदा त्यांनीच मला बाजूला घेतलं. "पास्टर, राग मानू नका. पर तुमच्या त्या पायरीवर आता बाया पाय ठिवीनात. म्हणत्यात, खाली कुणीतरी बसलंय. मान वर करून." मी हसून सोडून दिलं. पण त्या वर्षापासून बाप्तिस्मे मी दुसऱ्या विहिरीवर न्यायला लागलो. कारण विचारलं तर सांगायचो, तिकडे गाडी उभी करायला जागा आहे.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते. त्या दिवशी ती वर येईना तेव्हा मी घाबरलो होतो. ओढण्याच्या नादात मी पुढचे शब्द म्हणालोच नाही. "ऊठ, त्याच्याबरोबर जिवंत हो" हे मी त्या बाईला कधी म्हणालोच नाही. तिला मरण दिलं आणि जिवंत करायचं विसरलो. हे मला त्याच दिवशी, ओले कपडे पिळताना कळलं होतं. शब्दांनी काही होत नाही, काम वरच्याने केलेलं असतं, अशी मी मनाची समजूत घातली. तसं असेल तर ते शब्द पुन्हा म्हणायला माझं काय जात होतं? माझी चूक उघडी पडली असती, एवढंच. त्यासाठी मी नऊ वर्षं एका बाईला शास्त्र सांगत राहिलो.

मी निवृत्त झालो त्या हिवाळ्यात मारोतीचा फोन आला. गयाबाईला कावीळ झाली होती, हंगाम सोडून दोघं गावी परतले होते आणि दवाखान्याने घरी न्या म्हणून सांगितलं होतं. मी पोचलो तेव्हा टळटळीत दुपार होती. ती खाटेवर डोळे मिटून पडली होती, उजवा हात सरळ वर, आणि मारोती तो धरून बसलेला. उशाशी आशाताई, म्हणजे गावातल्या सरकारी आरोग्य कार्यकर्त्या, होत्या. मला बघून मारोती म्हणाला, "तीन दिस झाले. खाली घेतच न्हाई."

मी तिच्या कानाशी वाकलो. "गयाबाई, मी आलोय. पाणी आणतो. तुझ्याच बारवेचं."

तिचे डोळे उघडले नाहीत. पण हाताची बोटं हलली.

तांब्या घेऊन मी निघालो. बारव दहा मिनिटांवर. कित्येक वर्षांनी मी त्या पायऱ्या उतरत होतो. वर रानात हरभऱ्याच्या रोपांवर ऊन होतं, कुणीतरी ट्रॅक्टर चालवत होतं. खाली आवाज येईनासे झाले. पाणी हिरवं आणि स्तब्ध. मी ज्या पायरीवर उभा राहत असे, नेमकं तिच्यावर पाण्यात एक वर्तुळ उठत होतं. कडेला जाऊन विरायचं, पुन्हा मधून उठायचं, जसं कुणी खाली श्वास घेतंय. मासा असेल. मी वाकून तांब्या बुडवला आणि उचलायला गेलो तर तो येईना.

ते ओझं मी ओळखलं. नऊ वर्षांपूर्वी माझ्या डाव्या हातावर आलं होतं तेच. आयुष्यात मी इतका कधी भ्यायलो नाही. तांब्या सोडून पळावं असं वाटलं. मग माझ्या तोंडून आपोआप निघालं, "चल, बाई." आणि तांब्या वर आला. साधा, पाण्याने भरलेला तांब्या.

घरात शिरलो तर आशाताईंनी मान हलवली. "गेली, पास्टर. तुमी तिकडं गेल्या गेल्या."

हात अजून उभा होता. मारोती तो सोडायला तयार नव्हता. "न्हाई गेली," तो म्हणाला, "अजून धरलंय तिनं. तुमी करा तुमचं."

मी हातावर पाणी ओतलं. थेंब घरंगळून खाटेवर पडले, हात कोरडाच. तेव्हा मारोतीने तिची बोटं आपल्या मुठीतून सोडवली आणि माझ्या हातात दिली. ती माझ्या हातावर घट्ट मिटली. आशाताई म्हणतात, मेल्यावर स्नायू आखडतात. आखडत असतील. मी उरलेलं पाणी आम्हा दोघांच्या हातांवर ओतलं आणि जे नऊ वर्षांपूर्वी म्हणायचं होतं ते म्हणालो. "ऊठ. त्याच्याबरोबर जिवंत हो." आणि मी तो हात वर ओढला, पाण्यातून माणूस काढतात तसा.

माझ्या मुठीत तो हात सैल पडला. ओला होता. मनगटावरून पाणी ओघळून माझ्या बाहीत शिरलं.

मारोती म्हणाला, "आत्ता गेली."

दफनानंतर या एका गोष्टीवरून त्या दोघांची चांगलीच जुंपली. आशाताईंचं म्हणणं, मी बारवेवर असतानाच ती गेली होती, पुढचं सगळं आपल्या मनाचं समाधान. मारोतीचं म्हणणं, तुमी हात वडला तवा ती वर आली आन् मंग गेली. दानियलरावही आले होते, काठी टेकत. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "पास्टर, तुमी तिला नेमकी कवा बाहेर काढली?" मंडळीच्या रजिस्टरात तिच्या बाप्तिस्म्याची तारीख माझ्याच अक्षरात आहे, ठसठशीत. ती मी बदललेली नाही. पण ती खरी आहे असं आता कुणी छातीवर हात ठेवून म्हणायला सांगितलं तर मी म्हणणार नाही.

मी माझी बाजू सोडली का, असं विचारणारे भेटतात. मला ठाऊक नाही. काम पुरं झालेलं आहे, हे मी आजही मानतो. फक्त ते कुणाच्या तरी हातात अजून चालू असतं, असंही वाटतं. आणि त्या बाईची मी माफी मागितली नाही, ते राहिलंच.

परवा दुपारी जेवून आरामखुर्चीत माझा डोळा लागला. जागा झालो तर बायको शेजारी स्टुलावर बसलेली, माझा उजवा हात तिच्या हातात. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "काही नाही. हल्ली झोपेत तुमचा हात वर जातो. खाली ठेवला तरी राहत नाही."

"कधीपासून?"

"झाले की बरेच दिवस. म्हटलं, कशाला सांगायचं."

"मग तू काय करतेस?"

"काय करणार? धरून बसते."

माझी बाही कोरडी होती. समोर भिंतीवर ऊन हलत होतं, हिरवट. मी तिला म्हणालो, सोडू नकोस.